आईच्या हाताशी

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांची लेक उभे होते.

"बाबा, एका पाइपाला दोन-दोन क्लिपा?"

"एक सुटली तर दुसरी धरते. घरात गळलं तर फरशी पुसायची. होडीत गळलं तर होडीच जाते."

"आणि हे लाकडी बूच?"

"बेसिनचं पाणी बाहेर सोडायला होडीच्या तळाला भोक असतं, तिथल्या व्हॉल्व्हशेजारी दोरीनं बांधायचं. व्हॉल्व्ह तुटलाच तर भोकात ठोकायचं."

"एवढीशी शिडाची होडी, आणि थाट बेसिनचा!"

"तुझ्या आईची अट आहे. बेसिन नसेल तर ती पाऊल ठेवणार नाही."

"मग व्हॉल्व्ह पायऱ्यांखाली बसवा. दिसणार तरी नाही."

"छे! तिथे वाकावं लागतं. तिचे गुडघे कुठे वाकतात?"

"पण व्हॉल्व्ह आई कशाला बंद करेल? तुम्ही असणारच ना?"

"असेन की. पण मागच्या खेपेला एकटा गेलो, तेव्हा चक्कर येऊन शिडाखाली आडवा झालो होतो."

"बाबा! आईला सांगितलंत?"

"हळू बोल. सांगितलं तर ती मलाही जाऊ देईल का?"

लेक काउंटरमागच्या दुकानदाराकडे वळली.

"अगं, आता काय घेतेस?"

"दादा, जरा हातोडी दाखवता? हलकी द्या. आईला पेलली पाहिजे."