पाण्याच्या मीटरची पूजा

पोलीस चौकी शहागड, दि. ५ ऑक्टोबर १९९८

माझे नाव मुकुंद वामन परतूरकर, वय ३६ वर्षे, धंदा कारखान्यांत मीटर बसवणे व दुरुस्ती, रा. जुना जालना. विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की,

शहागडजवळच्या कागद कारखान्यात नदीवरून येणाऱ्या पाइपावर पाण्याचा मीटर मीच बसवला. यात पाइप कापत नाहीत. रंग खरवडून दोन सेन्सर बाहेरून पट्ट्यांनी आवळतात. एकातून निघालेला ध्वनी पाण्यातून दुसऱ्यात पोहोचतो, त्यावरून पाणी किती वाहिले ते कळते. सेन्सर एका रेषेत, नेमक्या अंतरावर लागतात व त्यांच्याखाली चिकट मलम भरावे लागते. मलम नसेल तर ध्वनी पाइपात शिरत नाही. हे मी सर्वांना समजावून सांगितले होते. मॅनेजर श्री. सेलूकर तेव्हा फोनवर बोलत होते.

खंडेनवमीपासून मीटर शून्यावर आला. पंप चालू, कागद निघतोय, आणि मीटरच्या मते नदीतून थेंबही आला नाही. त्यावरून श्री. सेलूकर यांनी, पंप ऑपरेटर बद्रीनाथ रखमाजी तौर याने मीटर बिघडवून पाणी टँकरवाल्यांना विकले, अशी फिर्याद दिली. पाणी विकले तर कागद कशाचा निघाला, हे फिर्यादीत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे. बद्रीनाथ कालपासून चौकीत बसून असून त्याची नोकरी गेल्यात जमा आहे. मला याचा राग आला व अजून आहे.

आज हवालदार व बद्रीनाथ यांच्यासह मी मीटर पाहिला. मलमाचा कण नव्हता. सेन्सर घासूनपुसून लख्ख केलेले, वर हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि एक सेन्सर बोटभर सरकवून बांधलेला. चोर इतका भाविक असतो हे मला नवीन होते.

बद्रीनाथला विचारले. तो म्हणाला, "बाईसाहेब पूजेला आल्त्या. म्हनल्या, पूजेची वस्तू अशी बरबटलेली ठेवत्यात का? म्या नको म्हनलो, पन त्यायनी पदर खोचला. मंग मालकाच्या घरच्या बाईचं नाव चौकीत कसं घ्यावं, साहेब?"

बाईसाहेब म्हणजे सौ. शैला सेलूकर, तक्रारदारांच्या पत्नी. गडबड ऐकून त्या शेजारच्या बंगल्यातून आल्या होत्या, मागोमाग तक्रारदारही. त्या तक्रारदारांना म्हणाल्या, "मीच पुसलं. राखेनं घासलं. तुम्ही शेजारीच नारळ फोडत होतात." श्री. सेलूकर यांनी हवालदारांना, हे लिहिण्याची गरज नाही, असे सुचवले. हवालदारांचे लिहून झाले होते.

मी मलम भरून सेन्सर रेषेत आणले. मीटर लगेच चालू झाला.

हा जबाब मला वाचून दाखवला जात असता श्री. सेलूकर यांनी पत्नीचे नाव गाळावे अशी विनंती केली. बद्रीनाथ तौर याचे नाव फिर्यादीतून निघाले की माझी हरकत नाही. तोवर दोन्ही नावे राहू द्यावीत. बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे.

सही/- मु. वा. परतूरकर