शाळेत परत गेल्यावर

१९७४. नागपूरच्या दवाखान्यातला बाक. त्यावर सावनेरहून आलेली आई आणि टीबीतून उठलेली तिची शामला. आज शेवटची तपासणी.

"काय वाचून राहिली वं, शामे?"

"एका बाईचं लहानपण. तिलेही टीबी झाला होता."

"जगली का मंग?"

"तिनंच लिहिलं, आई."

"मंग आता काय पाहून राहिली?"

"शाळेत परत गेल्यावर तिच्याजवळ कोणी बसलं का ते."

"बसलं?"

"एक पोरगी बसली. नवीन होती. तिले माहीत नव्हतं."

"हिनं सांगितलं काय?"

"सांगितलं."

"मंग उठली असंल."

"नाही. हिच्या डब्यातले शंकरपाळे खाऊन राहिली होती. बसूनच राहिली."

"जाताना मैदा घ्यायचा हाय. आठवण दे."