दहावा खडा

आणि वर मलाच म्हणतो, "आजी, वारा बेताचा आहे, माझं वारा मोजायचं यंत्र बघा ना!" मला नका सांगू वारा! उडायला शिकवतो म्हणून हा मास्तर, नि मोजायला बसवतो मला, शाळेची पायरी न चढलेलीला! काय तर म्हणे, "उडायचं नंतर. आधी जमिनीवरच उभं राहून तो कापडी पंख वाऱ्यात डोक्यावर धरायचा आणि अलगद खाली निजवायचा. लागोपाठ दहा वेळा जमलं, की तुमची नात मी नसतानाही एकटीनं सराव करायला मोकळी." बसले बाई, मैदानाच्या कडेला, मांडीवर दहा खडे घेऊन!

तुम्हाला सांगते, पोरगी हुशार. उचलते, धरते, निजवते... पण नववा खडा टाकला की मला खोकलाच यायचा. "आजी, दहा झाले ना?" "कुठले गं! मधला वाकडा पडला, पुन्हा पहिल्यापासून!" महिनाभर गाडं नवाच्या पुढे सरकेना.

हिचा बाप, माझा लेक, असाच एकटा गेला होता. शिकायला लागून आठ दिवस झाले नव्हते. मी घरामागं कपडे वाळत घालत होते, तो समोरच्या मैदानात. दोरीवरची चादर ताठ आडवी झाली, चिमटे उडाले... आणि मी काय केलं? हाक मारायची सोडून चिमटे वेचत बसले हो! पंखानं फरफटत नेला त्याला, कुंपणाच्या भिंतीपर्यंत... जाऊ दे. मला नका सांगू वारा.

मग एक दिवस पोरगी शेजारी येऊन टेकली. माझी मूठ उलगडली, दहावा खडा काढला. "आजी, मला मोजता येतं गं."

"मग महिनाभर गप्प का बसलीस, भवाने?"

"तुझं मन तयार व्हायचं होतं ना अजून."

दुसऱ्या दिवशी पाठीवर पंखाचं बोचकं घेऊन निघाली. दारात थांबली, दोरीकडं बघितलं. "आजी, चादर काय म्हणते?" चादर मेली नुसतं टोक हलवत होती, गुणी बाळासारखी. म्हटलं, "जा."

तेव्हापासून रोज तीच चादर धुते, मळो न मळो. पार झिजलीय, पलीकडचं मैदान दिसतं तिच्यातून. बरंच झालं म्हणायचं... एका जागी उभं राहून चादर नि पोरगी, दोघी दिसतात!