बुलेट अठ्ठेचाळीस किलोचा कसा झाला

सकाळचे साडेदहा. रायपूरची पंडरी, कापडबाजार, एका ट्रान्सपोर्टवाल्याचं गोदाम, आणि गठ्ठे तोलायच्या काट्यावर माझा कुत्रा, बुलेट. हो, कुत्रा! कापडाच्या गठ्ठ्यांच्या काट्यावर! कारण काय, तर शेजारच्या जनावरांच्या डॉक्टरकडचा काटा चाळीसच्या पुढे जातच नाही, सुई शेवटच्या आकड्याला टेकून नुसती थरथरत राहिली, आणि तो डॉक्टर यशदीप, त्याच्या वयापेक्षा माझी नोकरी जुनी, तो मला म्हणतो, "सर, इसको बाजू में तुलवा लेते हैं." मराठी पोरगा, पण बोलणार हिंदीतच! आणि बाजूला कोण? हमाल! सगळे हातातलं काम टाकून आले. एकानं मागून ढकललं, एकानं पुढून बिस्किट दाखवलं, डॉक्टरच्या देखत बिस्किट, आणि काटेवाला अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "अड़तालीस!" त्यावर मागून कोणीतरी विचारतो, "सूती है कि सिंथेटिक?"

हसा. तुम्हीही हसा. बाजार हसला, तुमचं काय.

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं या शहरात बातमीदारी केली, भल्याभल्यांना काट्यावर चढवलं, पण चढवताना मी नेहमी खाली उभा असायचो, हातात पेन घेऊन. घरचं कोणी वर आणि मी खाली मान घालून, असं पहिल्यांदाच! आणि तो डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतो, "घर में इसको खिलाता कौन है?"

मी म्हटलं, "दोन वेळ पोळी-दूध. बस."

"सर, रोटी-दूध से ऐसा माल तैयार नहीं होता."

माल! माझ्या कुत्र्याला माल! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं बुलेटचे मागचे पाय हातात घेतले, खुब्यापाशी जरा दाबले, आणि बुलेट ओरडला नाही हो, नुसतं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरचा आवाज एकदम उतरला. म्हणाला, "कूल्हे जा रहे हैं, सर. दिवाली तक दस किलो उतारिए. नहीं तो ये अपने आप उठेगा नहीं. फिर रोज आपको उठाना पड़ेगा, और एक दिन आप भी थक जाओगे."

मी चिडलो. मला दुसरं येतं काय? म्हटलं, "डॉक्टर, माझ्या घरात कोण भानगड करून राहिलं ते मी आजच्या आज शोधून काढतो! आणि माझं म्हणाल तर, मी कोणाचं खात नाही!"

तो म्हणाला, "सर, आपके खाने का तो मैंने पूछा ही नहीं."

बुलेट आमचा नव्हताच मुळी. राज्य वेगळं झालं, सरकारी साहेब लोकांची वाटणी झाली, कोण भोपाळला, कोण रायपूरला, त्यात शेजारचे एक साहेब भोपाळच्या वाट्याला गेले आणि त्यांचं पिल्लू आमच्या वाट्याला आलं. नाव तेच ठेवून गेले, बुलेट. तेव्हा खरंच सुटायचा! तेलीबांध्याच्या तलावाभोवती मला असा ओढत न्यायचा की लोकांना वाटायचं, कुत्रा माणसाला फिरवून राहिला. आणि शिकवला कोणी? मी! बस म्हटलं की बसायचं, पंजा म्हटलं की पंजा द्यायचा, आणि सगळ्यात मोठी शिकवण, बाहेरच्या माणसानं काहीही दिलं तरी तोंड लावायचं नाही. मटण दाखवा, पनीर दाखवा, मान फिरवून बसेल. हमालानं बिस्किट दाखवलं ना? पाहिलंसुद्धा नाही त्यानं! मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचो, याच्यावर संस्कार माझे आहेत. मी कोणाचं खात नाही, हाही कोणाचं खात नाही.

फक्त घरच्यांचं खातो. आता यात कुठे चूक आहे, सांगा.

तर घरी आलो आणि चौकशी बसवली. रीतसर! बैठकीत तिघांना बसवलं. वडील बाबाराव, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. बायको पद्मिनी. मुलगी चेतना, कॉलेजात. बुलेट मधोमध, फरशीवर पोट पसरून, पुराव्यासारखा.

पहिले वडील. म्हटलं, "बाबा, खरं सांगा."

"काय सांगू? चहासंग एक टोस देतो. तो माह्याकडे पाहून राहते ना बाबू! मी दिवसभर एकटा, तो एकटा, आम्ही दोघं टोस खातो. तुह्या बापाचा टोसही तुले पाहवत नाही का?"

एक टोस! तुम्हाला सांगतो, या घरात टोस महिन्याच्या सामानात पोत्यानं येतो, मी समजायचो, बाबांना दातांमुळे चहात बुडवलेला टोसच लागत असेल.

मग चेतना. ती मोबाईल नाही, काही नाही, नुसती नखं पाहत म्हणते, "पापा, मैं तो बस नूडल्स का बचा हुआ देती हूँ. फेंकने से अच्छा है ना?"

"बचा हुआ किती?"

"आधा."

"आधा बचा हुआ नसतो पोट्टे, आधा म्हणजे ताट असते!"

मग पद्मिनी. तिच्याकडे वळलो, जरा आवाज चढवूनच वळलो, पत्रपरिषदेत एखादा मंत्री उत्तर चुकवतो तेव्हा मी वळतो ना, तसा. "अन् तुम्ही? तूप लावून पोळी कोण देते?"

ती उठली. शांत. सरळ बाहेर गेली, अंगणात माझी स्कूटर उभी होती, तिला एक किक मारली.

अहो...

ज्या कुत्र्याला मी आणि चेतनानं सकाळी चादरीत घालून रिक्षात चढवलं, तो उठला. पुढचे पाय टेकले, मागचे थरथर कापत होते, एकदा घसरला, पुन्हा टेकले, उठला! तसाच फरफटत दारातून बाहेर, अंगणात, स्कूटरपाशी, आणि डिकीसमोर जाऊन बसला. ताठ. कोणी बस म्हटलं नव्हतं. आणि उजवा पंजा वर केला.

कोणी पंजा म्हटलं नव्हतं!

पद्मिनीनं स्कूटर बंद केली. म्हणाली, "आता तुम्हीच विचारा त्याले, कोण देते."

थांबा, मला बोलू द्या, तुम्ही लगेच निकाल नका देऊ! गोष्ट अशी आहे. नवीन राज्य, नवीन राजधानी, जो तो उठतो आणि पत्रपरिषद घेतो. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी आणखी एका खात्याची, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी नाश्त्याचं पाकीट. कचोरी, समोसा, काजूकतली, चिवडा, खात्याकडे सांगण्यासारखं काही नसलं तर वरून गुलाबजाम. बाकीचे पत्रकार तिथेच फडशा पाडतात. मी? मी कोणाचं खात नाही! पण नाही म्हणायची सोय आहे का? एकदा म्हटलं नाही, तर तो जनसंपर्कवाला पाकीट घेऊन मागे धावत आला, "दादा नाराज हैं क्या? दादा, हमसे कोई गलती? दादा, मंत्रीजी पूछेंगे!" अख्खं खातं हवालदिल! मग मी घ्यायला लागलो. घेतलं म्हणजे खाल्लं का? डिकीत टाकायचं, घरी आणायचं, आणि दारातच बुलेटपुढे ठेवायचं. ते खाऊ घालणं झालं का? ती विल्हेवाट झाली! मी तर त्याच्याकडे तत्त्व म्हणून पाहायचो. माझ्या हिशेबात त्या पाकिटाला वजनच नव्हतं.

पण एवढ्या खात्यांचं, एवढ्या दिवसांचं, गेलं कुठे? ते सगळं माझ्यासमोर अंगणात बसलं होतं, पंजा वर करून.

आणि एक सांगू? मला वाटायचं तो माझ्या येण्याची वाट पाहतो. दिवसभर खोटं ऐकून, खोटं लिहून घेऊन घरी यायचं, आणि दारात एकजण तरी खऱ्या आनंदानं उभा! पद्मिनी म्हणाली, "तो डिकीसाठी उठते." म्हटलं, नाही, माझ्यासाठी उठतो. मग त्याच्या पायांकडे पाहिलं. ज्याच्यासाठीही उठत असो, ते पाय माझ्याच हातानं गेले ना? मला वाटलं, आता कोणी प्रश्न विचारू नये. तीस वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, पत्रपरिषद संपली म्हणून सांगावं आणि मागच्या दारानं निघून जावं.

त्या दिवसापासून सगळं बंद. उकडलेली लौकी, म्हणजे आपला दुधी, अर्धी भाकरी, ताक. टोसाचा डबा कुलपात. पाकीट दिलं की मी हात मागे. लगेच शहरात बोभाटा, दादा सरकारवर बिघडले! एका खात्यानं तर घाबरून खुलासा पाठवला, मी काही छापलंच नव्हतं! रोज सकाळी तेलीबांध्याला नेतो, पोटाखालून टॉवेल घालून मागची बाजू मी उचलून धरतो, पुढची तो चालवतो. लोक थांबून पाहतात. पाहू दे. थोडं चालला की बसतो, माझ्या तोंडाकडे पाहतो आणि पंजा देतो. मी रिकामा हात पुढे करतो. तो हुंगतो. चाटतो. अहो, रागावतसुद्धा नाही!

चौघांनी शपथ घेतली होती. खरी शपथ, बुलेटच्या डोक्यावर हात ठेवून. वडिलांनी घेतली, "आता टोस नाही बाबू." चेतनानं घेतली. पद्मिनीनं घेतली. शेवटी मी घेतली, सगळ्यात मोठ्या आवाजात. बाहेरच्याकडून तर तो घेतच नाही, संस्कार माझे आहेत.

काल पुन्हा नेला पंडरीला. तेच गोदाम, तोच काटा, तेच हमाल. लौकीवर काढलेले एवढे दिवस. काटेवाला ओरडला, "पचास!"

यशदीपनं आकडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "काका, कोण देऊन राहिलं?"

घरी येऊन तिघांना बैठकीत बसवलं. तोच प्रश्न ठेवला. वडील खिडकीबाहेर पाहत होते. चेतना नखं पाहत होती. पद्मिनी माझ्या शर्टाच्या खिशावरच्या तेलकट डागाकडे पाहत होती. आणि बुलेट आळीपाळीनं चौघांना पंजा देत होता.

मी कोणाचं खात नाही. चार हात, चार शपथा, आणि दोन किलो वाढलेत. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

मीही.