तेहतीस भोकांचं क्रम्बल

न्हाय, मला एक सांगा... हितं बसलेल्यापैकी कुणीबी सांगा! खाली शिजलेला आंबा, वर पीठ, अन् भट्टीत घालून भाजायचं. झालं का न्हाय? झालं! मग एवढ्याशा जिनसाला चार-चार नावं कशापायी? क्रम्बल म्हणं, क्रिस्प म्हणं, कॉब्लर म्हणं, पाई म्हणं! चार सख्ख्या बहिणी एकसारखी लुगडी नेसवून मांडवात बसवायच्या अन् मला म्हणायचं, ओळख आता कोणती थोरली! अरे काय ओळखायचं? खाली आंबा, वर पीठ!

तुमाला सांगतो, म्या व्यंकट. मोठ्या शहरातल्या न्हवं, आमच्या गावाकडच्या वाशीत स्टँडच्या मागं आपली बेकरी, तीस वर्षं झाली. तेरखेड्याचा फटाका अन् आमचा टोस्ट, आवाज दोन्हीचा सारखाच! पार ईट गावापर्यंत लोक च्यात बुडवून खात्यात. पाव, खारी, नानकटाई... भट्टीतून निघणारी चीज अन् व्यंकटला येत न्हाय, असं हुईलच कसं, ह्याच गुर्मीत होतो म्या. ती गुर्मी कशी उतरली तेच तर सांगायलोय.

माझी पोरगी ज्ञानेश्वरी, मागल्या वर्षी तिचं लगीन झालं. जावई सुरजराव, पुण्यात कंपनीत. औंदा धोंड्याचा महिना आला ऐन आंब्यात, अन् जावयाचा पहिला धोंडा! म्या फोन लावला, म्हणलं, "जावईबापू, धोंडे खायला यायचं बरं का." तर ते आपल्या त्या नरम आवाजात, "येतो की मामा. पण ते तळलेले अनारसे नकोत हं, मी तेल बंद केलंय. त्यापेक्षा तुमच्या बेकरीतलंच काहीतरी... मँगो क्रम्बल करता का तुम्ही?"

आता हितं शहाणा माणूस काय म्हणंल? "बापू, ते काय असतंय?" म्हणंल, व्हय का न्हाय? अन् म्या काय म्हणलं? "क्रम्बल व्हय! घ्या की! रोज जातंय आपल्याकडं! सकाळच्या पारी दोन ट्रे!" दोन ट्रे! अवो, आकडा कुणी विचारला हुता का? पण तोंडातून गेला तो गेला. आता तीस वर्षांची इज्जत त्या दोन ट्रेवर येऊन बसली.

फोन ठेवला अन् पोरीला लावला, लई हळू आवाजात. "ज्ञानू, क्रम्बल म्हंजी काय गं?" ती म्हणली, "पप्पा, खाली आंब्याच्या फोडी. वर मैदा, लोणी, साखर बोटांनी चोळून, रवाळ करून भुरभुरायचं. पाणी घालायचं न्हाय, मळायचं न्हाय. त्यात ओट्स घातले की क्रिस्प. मऊ पिठाचे गोळे टाकले की कॉब्लर. पोळी लाटून खाली घातली अन् वरनं झाकण लावलं की पाई." म्या म्हणलं, "म्हंजी खाली आंबा, वर पीठ." "पप्पा, तसं न्हाय." "मग कसं?" "म्हंजी... तसंच, पण तसं न्हाय." घ्या! शिकवा पोरींना!

अन् घरात आमची बायको मालनबाई, कमरेवर हात. "आवो, अनारसं नको तर जावयाच्या वाणाचं काय? तेहतीस द्यावं लागत्यात, अन् भोकाभोकांच्या जाळीचं द्यावं लागत्यात. तुमचं ते क्रम्बल मोजता येतंय का?" म्या म्हणलं, भुगा असतो गं वर. "भुगा! अन् जाळी हाय त्याला?" न्हाय. "मग लेकीच्या पहिल्या धोंड्यात जावयाच्या ताटात भुगा वाढणार तुमी? विहीणबाई जलमभर बोलून दाखवतील!" ... आता हिला काय सांगू, की हिकडं भुगाच जमंना झालाय!

जमंना म्हंजी काय, ऐका की. आमच्या भट्टीवर गोरोबा. बेकरी उघडली त्या दिवसापासून पीठ मळतोय, दुसरं काय केलंच न्हाय त्यानं. पहिल्या दिवशी म्या तासभर लोणी अन् मैदा चोळला, झकास रवाळ झालं, हात धुवाय मोरीवर गेलो. येऊन बघतो तर परातीत गोळा! गुळगुळीत! गोरोबा वर तोंड करून म्हणतोय, "मालक, पीठ कोरडंच सोडून गेला हुता, म्या मळून टाकलं." कोरडं पीठ दिसलं की त्या माणसाचे हात आपोआप चालत्यात! टाकले गोळे आंब्यावर, भाजलं, पोरीला फोटो. "पप्पा, हे कॉब्लर झालं."

दुसऱ्या दिवशी गोरोबाला खारीच्या कामाला लावलं. भुगा झाला. गोरोबाच्या हाताला लागू नये म्हणून घरी आणला, आंब्यावर पसरला. तर मालनबाईनं मेडिकलवरनं शुगरवाल्याचे ओट्स आणलेले, "जावयानं तेल बंद केलंय, त्यांच्या तब्येतीचं काहीतरी नको का?" म्हणत मूठभर दिले टाकून. फोटो. "पप्पा, हे क्रिस्प झालं."

तिसऱ्या दिवशी! आंब्याचा रस ट्रेला चिकटायला लागला, तर गोरोबानं गुपचूप खाली पोळी लाटून घातली. "मालक, मग ट्रे कोण घासणार?" अन् वर उरलेल्या पिठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या टाकून दिल्या, पीठ वाया जाऊ नये म्हणून! पोरगी म्हणली, "पप्पा, ही तर पाई!" सगळं जमतंय बगा, क्रम्बल सोडून सगळं! म्या कपाळावर हात मारतोय, अन् मागनं डबा घेऊन आलेली मालनबाई वरडली, "आगं बया! जाळी!" वाकून मोजाय लागली की भोकं! "गोरोबाभाऊ, टोस्टचा लांब ट्रे घ्या. तीन ओळी, अकरा-अकरा भोकं. तेहतीस भरली पायजेत!" संपलं. माझ्या बेकरीत मला कुणी विचारंना.

जावई अन् ज्ञानू आले. पाट, रांगोळी, ओवाळणं, ताटात धोंडे, तूप, अन् शेजारी तो हातभर लांब ट्रे. सुरजरावांनी बघितलं. म्या बघितलं सुरजरावांकडं. "मामा, हेच का ते रोजचं? दोन ट्रे?" म्या चमचा त्यांच्या हातात दिला. म्हणलं, "हेच!" त्यांनी चमचा मारला. गोरोबाचा हात खारीचा, वरची पट्टी कुर्रकन मोडून भुगा झाली. खाल्लं. डोळे मिटले. "एक नंबर क्रम्बल, मामा!"

म्या तसाच स्वयंपाकघरात. "ज्ञानू, जावयाला फरक कळंना गं?" ती तोंडाला ओढणी लावून हसायलीय. "त्यांना कुठला कळतोय! म्याच सांगितलं हुतं मागाय. दर बारीला आईच्या हाताच्याच जेवणाचं कौतुक, तुमच्या हाताचं बी काहीतरी त्यांनी मागून खावं म्हणून. तुमी न्हाय म्हणला असता तर नानकटाई मागणार हुते." "मग मला फोटो बघून नापास कशाला करत हुतीस?" "दोन ट्रे म्हणलात ना! म्हणलं, बघू तरी!" ... खरं सांगतो, हसावं का रडावं कळंना. दोन्ही आलं.

पण हे हितं थांबलं असतं तर तुमच्यापुढं कशाला बोंबललो असतो? जावईबापूंनी ट्रेचा फोटो टाकला स्टेटसला, 'सासऱ्यांचं वाशी स्पेशल क्रम्बल'! दुसऱ्या दिवसापासून माणसं दारात, "शेठ, क्रम्बल द्या." त्याच जाळीचे रोज दोन ट्रे जायलेत, देवाशप्पथ! खोटं बोललो ते खरं झालं, पण मनाला टोचतंय हो. म्हणून मागल्या आठवड्यात गोरोबाला तेरखेड्याला कामाला पाठवलं, भट्टीच्या दाराला कडी घातली, अन् अस्सल क्रम्बल केलं. पाणी न्हाय, मळणं न्हाय, ओट्स न्हाय. वर सोनेरी भुगा! पोरीला फोटो. "पप्पा, पास!"

ट्रे समोर मांडला. पहिलं गिऱ्हाईक आलं ईटचे बिराप्पा. वाकून बघितलं, चष्मा वर केला, अन् ट्रे माझ्याकडं सरकवला. "व्यंकटशेठ, हे क्रम्बल न्हाय."

म्या म्हणलं, "का हो?"

"जाळी कुठाय? तेहतीस भोकं असत्यात त्याला. मोजूनच घेतो आमी. तुमी नवीन हाव का ह्या धंद्यात?"

भट्टीची कडी काढली, अन् तेरखेड्यातनं नुकत्याच आलेल्या गोरोबाला हाक मारली... "ये बाबा गोरोबा, घे परात. मळ."