तिसऱ्या सर्व्हरवरचे जुने पान

नाव : सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय : २३ वर्षे. शिक्षण : दहावी नापास. व्यवसाय : नोकरी, पाणीपुरवठा कार्यालयात संगणक सहायक. राहणार : मामांच्या घरी, कार्यालयामागची गल्ली, पहिला मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून व माझ्या मर्जीने जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर लहानपणापासून मामा-मामींकडे राहतो. माझे सख्खे मामा याच कार्यालयात सर्व्हर सांभाळतात. मला काम त्यांनी शिकवले व नोकरीलाही त्यांनीच लावले. मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो म्हणून कामावर मला शंकासुर म्हणतात.

कार्यालयाची वेबसाइट तीन सर्व्हरवर चालते. वेबसाइट उघडणाऱ्याला तिघांपैकी जो मोकळा असेल तो पान देतो. दर वेळी पान नव्याने तयार करायला वेळ लागतो, म्हणून एकदा तयार झालेले पान साठवून ठेवतात व पुढच्या माणसाला तेच देतात. या साठ्याला कॅशे म्हणतात. आमच्याकडे तिन्ही सर्व्हरचा कॅशे एकाच जागी, नेटवर्कवरच्या सामाईक स्टोरेजमध्ये असतो. नवी सूचना टाकली की तो आपोआप पुसला जातो आणि तिघांकडूनही नवे पान जाते.

यात एक अडचण आहे. सामाईक स्टोरेज ज्या जागी जोडतात, तिथे प्रत्येक सर्व्हरवर त्याच नावाचे एक रिकामे फोल्डर असते. सर्व्हर चालू होताना जोडणी झाली नाही, तर तो तक्रार करत नाही. तो गुपचूप आपल्या त्या फोल्डरमध्ये पाने साठवू लागतो. ती पाने मग पुसली जात नाहीत. म्हणून मामांनीच रीत घालून दिली आहे की, सर्व्हर बंद करून चालू केला की साठ्यात एक खुणेची फाईल ठेवायची आणि ती तिघांवर दिसते का ते पाहायचे.

सोमवारी संध्याकाळी तिसऱ्या सर्व्हरचा पंखा बदलला. बंद-चालू मामांनी केले. मी विचारले, "मामा, खूण ठेवून बघू का?" ते म्हणाले, "अरे शंकासुरा, पंखा बदललाय, मेंदू नाही. चल घरी." आम्ही घरी गेलो. खूण का ठेवली नाही, हे मामांनी सांगावे.

मंगळवारी सकाळी मुख्य टाकीत चुकीचे रसायन पडल्याचा फोन आला. सूचना लिहिणाऱ्या ताईंनी लगेच सूचना टाइप केली. मी त्यांच्या टेबलापाशी होतो. त्या सूचना नेहमी मला शुद्धलेखन तपासायला दाखवतात. त्या दिवशीही म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ बघ रे पटकन, नाहीतर लोक पाणी सोडून माझ्या वेलांट्याच मोजत बसतील." मी वाचले. 'आज नळाचे पाणी पिऊ नये' असे ठळक अक्षरांत होते. चूक नव्हती. त्यांनी माझ्यासमोर सूचना वेबसाइटवर टाकली व मी माझ्या संगणकावर ती पाहिली. तेव्हा कार्यालय उघडून फार वेळ झालेला नव्हता. सूचना दुपारी टाकली असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

बुधवारी, ते पाणी पिऊन मयत झालेले शिंपी यांच्या पत्नी कार्यालयात आल्या. त्यांनी ताईंच्या टेबलावर आपला फोन ठेवला. त्यात मंगळवारी दुपारी काढलेला वेबसाइटचा फोटो होता. पानावर 'पाणी पिण्यास योग्य आहे' असे होते. त्या म्हणाल्या, "पाण्याला वास येत होता. हे म्हणाले, उगाच भितेस. तरी मी यात बघितलं. यात योग्य लिहिलंय म्हणून मीच तांब्या भरून दिला. दुपारी मुलाला दाखवायला फोटो काढला, तोवर यांना दवाखान्यात नेलं होतं." ताई उभ्या राहिल्या होत्या. कार्यालयाचे साहेब सर्वांदेखत ताईंना म्हणाले, "आता सांगा, कधी टाकली होती सूचना?"

त्यानंतर मी सर्व्हरच्या खोलीत गेलो. पहिल्या सर्व्हरवरून खुणेची फाईल ठेवली. दुसऱ्यावर ती दिसली. तिसऱ्यावर दिसली नाही. तिथे त्याचे स्वतःचेच फोल्डर होते व त्यात 'पाणी पिण्यास योग्य आहे' असे सोमवारचे पान होते.

मामा माझ्या मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "जोडून टाक."

मी म्हणालो, "मामा, आता जोडलं तर स्टोरेज या फोल्डरवर बसेल आणि हे सगळं खाली झाकलं जाईल. कुणाला दिसणार नाही."

"मग? पुसायला कुठे सांगतोय? फक्त जोड."

"आणि ताई?"

"तिची चौकशी होईल आणि सुटेल ती. तिचं पेन्शन जवळ आलंय, तिला कोण काय करतंय? माझी झाली तर आपलं घर बसेल." मग ते म्हणाले, "तुला कडेवर घेऊन आणलंय मी या घरात."

मी स्टोरेज जोडले नाही. वेबसाइट उघडणारा कोणीही तिसऱ्या सर्व्हरकडे जाणार नाही अशी व्यवस्था केली आणि तो तसाच चालू ठेवला. खोलीला कुलूप लावले. किल्ली आज आपल्याकडे जमा केली आहे. जाणकाराने पाहण्याआधी त्या सर्व्हरला कोणीही स्टोरेज जोडू नये, अशी माझी विनंती आहे.

मामांशी माझे वैर आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. मामींना हे सांगितले का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. आज सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे आम्हा दोघांचे डबे भरून दिले.

मी मामांच्या स्कूटरवर बसून पोलीस ठाण्यात आलो. तिन्ही सर्व्हर ठीक होते एवढेच सांग, असे ते वाटेत म्हणाले. ते या खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसले आहेत. ताई सकाळपासून चौकशीसाठी पलीकडच्या खोलीत आहेत, त्यांची व माझी भेट झालेली नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचण्याआधी दार लावून घेऊ का, असे हवालदार बाईंनी विचारले. उघडेच राहू द्या, असे मी सांगितले. मी बोललो तसेच लिहिले गेले आहे व ते खरे आहे. मला त्यात काही बदल करायचा नाही.

समक्ष / सही