चिवितोच्या पिसाचा खरा पत्ता

आदरणीय अध्यक्ष एउस्तोर्हियो, राजधानीहून आलेले वनखात्याचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या सत्कारमूर्ती एल्सिराबाई, आणि मासळीच्या रश्श्याचा वास सुटल्यापासून ज्यांचं व्यासपीठाकडे लक्ष नाही अशा माझ्या गावकऱ्यांनो!

मी तेओदुलो, खेकडे पकडणारा. कंबरभर चिखलात माझं तोंड चांगलं चालतं. इथं कोरड्या फळ्यांवर जरा अडखळतंय, सांभाळून घ्या.

बाई तेवीस वर्षांपूर्वी पोपट मोजायला आल्या, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. सरकार पोपट मोजायचा पगार देतं? मग संध्याकाळी खारफुटीत मुक्कामाला येणारे थवे आम्हीच त्यांना होडीतून दाखवू लागलो. पहिल्या वर्षी सहाशे भरले, आठव्या वर्षी अडीचशे. हसू आपोआप थांबलं.

बाईंनी वर कळवलं. उत्तर आलं, 'हा पोपट थेट मेक्सिकोपर्यंत आहे. तुमची ती नुसती उपप्रजाती. काळजी नसावी.' माझी आई म्हणाली, "म्हणजे शेजारणीला पोरं भरपूर, म्हणून माझी मेली तरी चालतील होय?"

आपल्या पोपटाची चोच सगळी काळी, डोक्यावरच्या पिसांना जांभळी कड. पण तो वेगळा आहे हे सिद्ध करायला ठिकठिकाणची पिसं हवी होती, आणि प्रत्येक पिसामागे घरट्याची जागा. पिसं कुठली? आपल्या स्वयंपाकघरातली! चुलीजवळ पोपटाचा पिंजरा टांगलेला नाही असं घर होतं का या गावात? पण पिल्लू धरणं गुन्हा, म्हणून सगळे साळसूद. "वादळात आपणहून आला, बाई." आपले अध्यक्ष तर म्हणाले, "लग्नात आहेर आला." (हसू नका, ते अध्यक्ष आहेत.) मी माझ्या पोपटाचं, चिवितोचं पीस दिलं आणि ठोकून दिलं, "मेव्हण्यानं आणलाय, उत्तरेकडून, एस्मेराल्दासहून."

सहा महिन्यांनी बाई चिखल तुडवत माझ्यापर्यंत आल्या. "तेओदुलो, सगळं जुळलं होतं रे. पण उत्तरेचा एक पोपट हुबेहूब आपल्यासारखा निघाला. मग फरक उरला कुठं, असं विचारतात. वेगळी प्रजाती माना म्हणून केलेला अर्ज परत आलाय."

मी बिळात हात घालून खेकडा शोधत राहिलो.

"मेव्हण्याचं नाव काय म्हणालास?"

मंडळी, मला बहीण नाही. आणि तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं.

मी त्यांना डोंगरातल्या रानात नेलं आणि बुंधा दाखवला. झाड उंच, चढवेना, म्हणून मी ते पाडलं होतं. ढोलीत तीन पिल्लं होती. दोन पडतानाच मेली, तिसरा चिवितो. पुढची दोन वर्षं ती जोडी त्याच मोकळ्या जागेवर घिरट्या घालून ओरडायची. हे मी पाहिलंय. बाईंनी वही काढून जागा लिहून घेतली.

माझं पाहून गावाला धीर आला. आठवड्याभरात वादळं आणि आहेर, सगळ्यांना घरटी फुटली. आज आपला पोपट स्वतंत्र प्रजाती आहे, धोक्यातली म्हणून नोंदलेली आहे, आणि त्या रानावर कुऱ्हाडबंदी आहे. हे बाईंमुळे झालं. त्या चालल्या, याचं मला फार वाईट वाटतंय.

आपण सर्वांनी रस्सा निवू दिलात, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या झाडाचं मात्र घालू नये. बाईंनीही घातलेलं नाही; वहीत लिहून ठेवलंय, माझ्या नावासकट.